माईनकाठी बाबा बोलले

ऑगस्ट लागला की एश्बॉर्नच्या स्टेशनावर ती पोस्टरं चिकटवली जातात. दरवर्षी चित्र बदलतं, मजकूर तोच असतो. फ्रांकफुर्टला माईन नदीच्या काठावर उन्हाळ्याचा मेळा, पाळणे, तळलेले मासे, सफरचंदाची वाईन आणि शेवटच्या दिवशी आतषबाजी. ऑफिस गाठायच्या घाईत मी रोज त्यांच्यासमोरून जाते. पण एखाद्या सकाळी पाय थबकतात, आणि माझी एस-बान, म्हणजे इथली लोकल, माझ्या डोळ्यांदेखत निघून जाते. तिचं मला काहीच वाटत नाही. छातीतून एक लांब श्वास सुटतो, एवढंच. ऑफिसातल्या लोकांना या दिवसांत समुद्राचे आणि सुट्टीचे वेध लागलेले असतात. मला नुसतं सुटल्यासारखं वाटतं.

दोन हजार तीनचा तो उन्हाळा. इथल्या लोकांना अजून आठवतो, कारण त्या वर्षी युरोपभर उष्णतेची लाट आली होती. हिरवळी वाळून गवताच्या पेंढीसारख्या पिवळ्या पडल्या होत्या. दुकानांतले टेबलफॅन संपले होते. आमच्या शेजारच्या आजी दिवसभर खिडक्यांवरची रोलादन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचे पडदे, खाली ओढून अंधारात बसायच्या आणि संध्याकाळी जिन्यात भेटल्या की कपाळाला हात लावायच्या. आणि या सगळ्यात माझे बाबा नांदेडहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले.

"हे कसलं ऊन? हे तर आपल्याकडचं मार्चमधलं," ते म्हणायचे. मग छताकडे बघायचे. "पण एवढी शहाणी माणसं, छताला पंखा कामून लावत नाहीत?"

त्या उन्हाळ्यात एवढंच काय ते हलकं बोलणं त्यांनी केलं असेल. बाकी वेळ ते आमच्या घरात परक्याच्या घरी वागावं तसे वागत. सकाळी सहाला उठून चादरीची घडी घालत. चहाचा कप स्वतः विसळून पालथा घालत. मग बाल्कनीत खुर्ची टाकून, येताना आणलेलं तेच ते वर्तमानपत्र पुन्हा वाचत. माझा नवरा नितीन तेव्हा न्युरेम्बर्गच्या एका प्रोजेक्टवर होता, शुक्रवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. आमची मुलगी मैत्री सहा वर्षांची, किंडरगार्टन संपवून शाळेत जायच्या उंबरठ्यावर होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. त्यामुळे घरात बोलायला उरलो बाबा आणि मी. आणि आमच्यात बोलणं उरलं नव्हतं.

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"आज भाजी काय करू?"

"काही कर."

आई गेली ती त्याच वर्षी फेब्रुवारीत. शुक्रवार होता. मी ऑफिसातून येऊन बूट काढत होते तेव्हा फोन वाजला. बाबा म्हणाले, "सुजा, तुझी आई गेली." इतकंच. दुपारी पाठीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी म्हणाले, "मी येते, बाबा." आणि म्हणता म्हणताच मला आठवलं की माझा पासपोर्ट माझ्याजवळ नाही. मुदत संपत आली म्हणून तो नूतनीकरणाला दिलेला होता, आणि कचेरी आता सोमवारीच उघडणार होती. दोष कुणाचाच नव्हता. शुक्रवारचा होता.

मी आईबाबांची एकुलती एक. आई थट्टेत म्हणायची, "माझ्या पोरीनंच मला अग्नी द्यायचा. कुणाचा पुतण्या-बितण्या नको." लोक हसायचे, पण ती थट्टा नव्हती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी सकाळी मी नांदेडला फोन लावला तेव्हा कळलं की रात्रीच सगळं आटोपलं. बाबांनीच अग्नी दिला. मी काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. हैदराबादमार्गे पोचायला मला पाचवा दिवस लागला. दारात बाबा उभे होते. "प्रवास नीट झाला?" त्यांनी विचारलं. आत आईचा फोटो होता, त्याला हार होता. शेजारी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती. पुण्यानुमोदनाला माणसं आली, वंदना झाली, मी सगळ्यांना चहा दिला. आठव्या दिवशी मी परत निघाले.

त्यानंतर रविवारी फोन व्हायचा, "जय भीम, बाबा" ने सुरू आणि "तब्येत सांभाळा" ला संपायचा. मला वाटायचं, बाबांनी मला माफ केलेलं नाही. बायको गेली आणि मुलगी कागदात अडकून पडली, हे त्यांच्या मनातून जात नाही. म्हणून तर मी त्यांना हट्टाने इथे बोलावलं. आणि बोलावून घेतल्यावर त्यांच्यासमोर बसायची मला भीती वाटू लागली.

मेळ्याला जायचं मैत्रीने काढलं. किंडरगार्टनमध्ये कुणीतरी तिला कारुसेलबद्दल, म्हणजे घोड्यांच्या गोल पाळण्याबद्दल, सांगितलं होतं. शनिवार होता. नितीनला घरून काम उरकायचं होतं. मी बाबांना विचारलं आणि मनातल्या मनात ते नाही म्हणतील अशी आशा धरली. ते म्हणाले, "नदी आहे ना तिथं? चला."

नदी आहे ना, असं त्यांनी का विचारलं हे सांगायला हवं. बाबांनी तीस वर्षं पाटबंधारे खात्यात गोदावरी मोजली. पुलाच्या खांबावर आकड्यांची पट्टी असते, गेज म्हणतात तिला. ती रोज सकाळी आठला वाचायची, वहीत लिहायची, वर कळवायची. पावसाळ्यात दर तासाला. पूर आला की रात्रभर. लहानपणी मला वाटायचं की बाबा बघायला गेले नाहीत तर नदीला किती चढायचं ते कळणारच नाही.

आम्ही चारच्या सुमाराला पोचलो. नदीकाठचा सगळा रस्ता गाड्यांना बंद करून तंबू आणि टपऱ्यांनी भरला होता. साखरेत घोळून भाजलेल्या बदामांचा वास दुरूनच येत होता, आणि त्याच्या खालून तळणीचा, नदीच्या गढूळ पाण्याचा, उन्हाने तापलेल्या दगडांचा. लाल रिबिनींनी टांगलेल्या मोठ्या मोठ्या लेबकुखनच्या, म्हणजे मसालेदार केकच्या, हृदयांवर पांढऱ्या साखरेने प्रेमाची वाक्यं लिहिली होती. माणसं लांब बाकांवर खांद्याला खांदा लावून बसली होती. करड्या मातीचे, निळी नक्षी काढलेले फुगीर चंबू टेबलांवर फिरत होते, त्यातून सफरचंदाची आंबट वाईन पेल्यांत पडत होती. इतके दिवस उन्हाने गांगरलेली हीच ती माणसं, हे खरं वाटत नव्हतं. बायकांनी चपला काढून ठेवल्या होत्या. एका आजोबांनी रुमालाच्या चार कोपऱ्यांना गाठी मारून तो डोक्यावर घातला होता.

"आपल्या जत्रेसारखंच आहे," बाबा म्हणाले. "फक्त धूळ नाही."

मैत्री कारुसेलच्या पांढऱ्या घोड्यावर बसली आणि प्रत्येक फेरीला आमच्यासमोर आली की ओरडायची, "आजोबा, नोख माल!" अजून एकदा. बाबांना जर्मन येत नव्हतं, पण हे कळलं. त्यांनी बोट वर करून एक-एक म्हणत आणखी तीन फेऱ्यांची परवानगी दिली. मी त्यांच्याकडे बघत होते. ते घोड्याकडे बघत होते. मग त्यांची नजर त्याच्या पलीकडे गेली, जुन्या लोखंडी पादचारी पुलाकडे.

"सुजा, ते बघ. खांबावर."

पुलाच्या दगडी खांबावर पुराच्या खुणा कोरलेल्या होत्या. रेघ आणि वर्ष, रेघ आणि वर्ष. काही माणसाच्या डोक्याच्या खूप वर. आणि खाली, काठाच्या भिंतीवरून पाण्यात उतरलेली आकड्यांची पट्टी. बाबा धक्के खात, माफी मागत, गर्दीतून सरळ तिकडे निघाले. मैत्रीला घोड्यावरून उतरवून, तिचा हात धरून मी मागे धावले. ते पट्टीपाशी वाकून उभे होते, डोळे बारीक करून, हात पाठीमागे बांधून. कित्येक महिन्यांनी मला त्यांची ती जुनी पाठ दिसली.

"पाणी एवढं स्थिर कसं? एवढ्या उन्हात उतरायला पाहिजे होतं."

तिथे भिंतीला टेकून एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. निळा सदरा, गळ्यात पांढरा रुमाल. जवळच्या मासे तळणाऱ्या तंबूतल्या सगळ्यांचा तोच वेश होता. जुन्या कोळ्यांच्या मंडळाचे ते सभासद होते, हेर ब्रेंडल, म्हणजे ब्रेंडलसाहेब. "आय गूडे!" ते म्हणाले, इथल्या खास बोलीतला नमस्कार. मग बाबांकडे बोट दाखवून मला विचारलं, "यांना नदीत काय दिसतंय?"

मी सांगितलं, माझे वडील भारतात तीस वर्षं नदीची पातळी मोजत होते. हेर ब्रेंडल उठून उभे राहिले. खरोखर उठले, आणि बाबांशी हात मिळवला. मग त्यांनी मला बजावलं, "आल्झो, तर मग त्यांना सांगा. खाली शहराबाहेर बंधारा आहे, फाटकांचा. पाणी अडवतो. म्हणून नदी आटलेली दिसत नाही."

मी सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या विष्णुपुरीच्या बंधाऱ्यासारखं! त्यांना विचार, फाटकं कोण उघडतं? पुरात आधी कळवतात का?"

"गेनाऊ, गेनाऊ," बरोबर, बरोबर, म्हणत हेर ब्रेंडल मान डोलवत राहिले, आणि मी मध्ये बसून दोन नद्यांची माहिती इकडून तिकडे पोचवू लागले. हे काम मला नवीन नव्हतं. ऑफिसात माझं अर्धं आयुष्य तेच. पुण्याची टीम काय म्हणते ते इथल्या लोकांना सांगायचं, इथले काय म्हणतात ते पुण्याला. दुभाष्याने मध्ये यायचं नसतं. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. तुझं काय, माझं काय, याचा हिशेब करत बसलं तर वाक्य सांडतं.

हेर ब्रेंडलनी तंबूतून तळलेले छोटे अख्खे मासे आणले, कागदाच्या बशीत. बाबांनी ते काट्यांसकट इतक्या सफाईने खाल्ले की हेर ब्रेंडलनी टाळी वाजवली. मैत्री त्यांच्यामध्ये बसून बोटं चाटत होती. समोर नदीत दोन लाकडी होड्या एकमेकींवर चालून येत होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एक जवान दुसऱ्याला ढकलायला लांब काठी घेऊन उभा. त्यातला एक धप्पकन पाण्यात पडला. सगळा काठ हसला. बाबाही हसले. मोठ्याने. मला तो आवाज ओळखायला एक क्षण लागला.

आणि तेव्हाच हेर ब्रेंडल, पाण्याकडे बघत, सहज म्हणाले, "माझी इंगे इथेच बसायची. या बाकावर, दर मेळ्याला. मागच्या हिवाळ्यात गेली. यंदा येऊ नये असं वाटत होतं. आलो." मग बाबांकडे वळून, "आणि तुमची पत्नी? भारतात?"

मी भाषांतर केलं. जमेल तितक्या सपाट आवाजात.

बाबांनी बोटं रुमालाला पुसली. मग बोलू लागले, हेर ब्रेंडलकडे बघून, जणू मी तिथे नव्हतेच.

"माझी बायको पण याच हिवाळ्यात गेली. अर्ध्या तासात."

"माइने फ्राऊ," मी म्हणाले. माझी बायको. माझ्या तोंडून, माझ्या आईबद्दल.

"लोक म्हणाले, पोरगी येईपर्यंत थांबा. बर्फाच्या लाद्या आणतो, दोन-तीन दिवस ठेवू. पोरीच्या हातूनच व्हावं ही तिची इच्छा होती."

मी तेही सांगितलं. बर्फाला शब्द सापडला. इच्छेला सापडला.

"पण माझ्या बायकोला थंडी सोसायची नाही. आयुष्यभर. पोरगी बोलवायची तर जर्मनीला यायला भ्यायची, म्हणायची, मी तिथं गारठून मरेन. आणि तिलाच मी बर्फावर ठेवू? मला बघवेना. मी म्हणालो, आजच. मीच देतो. पोरीला विचारलंसुद्धा नाही. पुन्हा फोन करायचा धीर झाला नाही. तिचा हक्क होता, मी घेतला." बाबांनी कागदाच्या बशीची घडी घातली, पुन्हा घातली. "तवापासून पोरगी माझ्याशी धड बोलत नाही. आणि मी काय तोंडानं बोलू?"

ते थांबले. हेर ब्रेंडल माझ्याकडे बघत होते. वाक्याची पाळी माझी होती.

मी तोंड उघडलं, आणि 'माइने टोख्टर' इथपर्यंत आले. माझी मुलगी. पुढचं वाक्य माझ्याबद्दल होतं आणि ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला एकटीलाच माहीत होतं. दुभाष्याने मध्ये यायचं नसतं. मी आले.

"बाबा," मी मराठीत म्हणाले, "मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावलाय. मी आले नाही म्हणून."

ते वळले. किती तरी दिवसांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुझ्यावर? तुझ्यावर कामून? तुझा काय दोष? कागद कचेरीत होते."

"मग तुम्ही का गप्प होतात?"

"तू गप्प होतीस म्हणून."

मग मी खरं ते सांगितलं, कारण त्या बाकावर खोटं बोलायची सोयच राहिली नव्हती. "मला राग आला होता. त्या शनिवारी. एक रात्र. मग नाही, बाबा. मग नुसतं मला माझंच वाईट वाटत होतं." आणि मीच पुढे म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत. तिला बर्फावर नसतं सोसलं."

बाबांनी मान हलवली. एकदा, दोनदा. आणि मग त्यांच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. हे मला डोळ्यांनी दिसलं, म्हणून लिहिते आहे. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला.

"वास इस्ट पासिर्ट?" हेर ब्रेंडलनी हळूच विचारलं. काय झालं?

मला सांगता येईना. सांगितलं मैत्रीने. ती सहा वर्षांची पोर, जी सगळं ऐकत होती आणि जिला सगळं कळत होतं, तिने आपल्या स्वच्छ जर्मनमध्ये त्यांना सांगून टाकलं, "आईला वाटत होतं आजोबा चिडलेत. आजोबांना वाटत होतं आई चिडलीय. पण कोणीच चिडलेलं नाही."

"आख्झो," हेर ब्रेंडल म्हणाले. अच्छा. आणि उठून, न विचारता, बाबांसाठी लिंबाचं सरबत आणि माझ्यासाठी वाईनचा पेला घेऊन आले. आम्ही बराच वेळ बसलो. होडीवरचे जवान पडत राहिले, काठ हसत राहिला. निघताना त्या दोघांनी पुन्हा हात मिळवला, या खेपेला दोन्ही हातांनी.

नंतर कितीदा मी विचार करते, ते बोलणं आमच्या घरात का होऊ शकलं नाही. एकच भाषा, एकच टेबल, रोजचा वरणभात. कदाचित आपल्या भाषेत आपण फार जवळ असतो. एखादा शब्द उच्चारला की तो समोरच्याच्या अंगावर पडतो. बाबांना एक अनोळखी माणूस हवा होता, ज्याला त्यांचं मराठी कळणार नाही. आणि मला ते ऐकायला दुसऱ्याचा 'मी' हवा होता. मध्ये एक नदी होती, तिची दोघांनाही सवय होती. याहून जास्त मला कळत नाही, आणि आता कळून घ्यायची घाईही नाही.

त्या दिवसानंतर घरात सगळं एकदम बदललं असं नाही. बाबा कप विसळून पालथा घालतच राहिले. पण सप्टेंबरात परत जायच्या आधी मी एकदा वरण करपवलं, तर ते चक्क ओरडले माझ्यावर. मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून हसले.

मेळ्यातून आम्ही सातच्या सुमाराला निघालो. ऊन अजून होतं, तिरकं, पिवळं. एस-बान अर्धी रिकामी होती. तिच्या खिडक्या उघडत नव्हत्या आणि सीटचं कापड अंगाला चिकटत होतं. मैत्री माझ्या मांडीवर झोपून गेली, तोंडाला मासळीचा वास. काही वेळ आम्ही बाहेर बघत होतो. मग मी जे सहा महिने विचारू शकले नव्हते ते विचारलं.

"आई त्या दिवशी काय काय करत होती, बाबा?"

"सकाळी?"

"हो. सकाळपासून."

बाबा सावरून बसले. "सकाळी उठली ती आधी माझ्यावर वैतागली. मी दूध उतू घालवलं होतं." आणि ते सांगू लागले. तिने कोणतं लुगडं नेसलं होतं. शेजारच्या सुनेला लोणच्याचं प्रमाण सांगायला कशी अर्धा तास दारात उभी राहिली. दुपारी मेथीची भाजी केली, मीठ जास्त पडलं, आणि ते तिने शेवटपर्यंत कबूल केलं नाही. मध्येच ते हसायचे, मध्येच थांबायचे, मी थांबून राहायचे. माझी आई, जिचा तो दिवस माझ्यासाठी एका फोनएवढा लहान होऊन बसला होता, सकाळपासून पुन्हा उठून घरभर फिरू लागली.

एश्बॉर्न आलं. दारं उघडली. बाबा सांगत सांगत त्या दिवसाच्या दुपारच्या चहापर्यंत आले होते. मी मैत्रीला उचललं नाही, बाबांनी पिशवी उचलली नाही. दारं मिटली, गाडी पुढे निघाली, शेवटच्या स्टेशनापर्यंत.